जामघाटच्या विटा

साहेब, देवाजी गजभियेला तुम्ही चोर ठरवलंत.

तोंडानं नाही. तोंडानं तुम्ही कुणाला वाईट बोलत नाही, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही ठाण्यात माणूस पाठवलात, तक्रार नोंदवायला लावलीत आणि गाडीत बसून नागपूरला निघून गेलात. तुमचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात, यांचं काहीतरी आपसातलं असेल. आपसातलं काही नाही. सगळ्या जामघाटचं आहे.

देवाजीला धरलं ती फेब्रुवारीतली सकाळ होती. कन्हानच्या बुटक्या पुलावरून तो कावड घेऊन जामघाटकडे चालला होता. कावडीच्या दोन्ही टोपल्यांत विटा. पुलाच्या मधोमध दोन शिपाई सायकली आडव्या लावून उभे.

"थांब बे. काय नेऊन राहिला?"

"विटा."

"दिसते आम्हाले. कोणाच्या?"

"आमच्या."

"आमच्या म्हणजे? तुया बापाच्या?"

"बाप तं मेला माया. जामघाटवाल्याईच्या आहेत."

"ठेव खाली."

देवाजीनं कावड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पुलावर नाही ठेवत जमादार. काठावर चला, तिथं ठेवतो. तिथंच ठेवाच्या आहेत."

एक शिपाई हसला. दुसऱ्यानं काठी टोपलीत खुपसली आणि कावड ओढली. विटा पुलावर सांडल्या. देवाजीला दोघांच्या मध्ये घालून ठाण्याकडे नेलं. मागून आलेल्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून पाहिला, मग खाली उतरून त्यानं त्या विटा पायानं लोटून नदीत टाकल्या. पुलाला कठडे नाहीत, त्यामुळे त्याला फार कष्ट पडले नाहीत.

आता हा चोर कोण, ते ऐका. तुम्ही त्याला दरवर्षी पाहत होतात, पण ओळखत नव्हतात.

देवाजी जामघाटचा. कामाला मात्र पुलाच्या पल्याड, खापरखेड्याच्या काठावरच्या वीटभट्टीवर. सकाळी पूल ओलांडून यायचं, दिवसभर उकिडवं बसून विटा थापायच्या, संध्याकाळी पूल ओलांडून घरी. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. दारू नाही, भांडण नाही, भाषण नाही. चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जायचा तेव्हा पांढरा सदरा घालायचा. तोच सदरा पोरीच्या लग्नात घातला. छप्पन्न साली बापाच्या खांद्यावर बसून तो तिथे गेला होता म्हणे. गर्दीतलं त्याला काही आठवत नाही, बापाचं डोकं तेवढं आठवतं.

त्याची बायको प्रयागबाई श्रावणात गेली. दुसरं बाळंतपण. तेव्हा पोरगी जया शाळेत जायला लागली होती. आमचा पूल तुम्ही पाहिला आहे, पण जानेवारीत. जानेवारीत तो पूल असतो. आषाढ-श्रावणात वरती पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो. कधी एक दिवस, कधी चार. त्या दिवशी पाणी मांडीएवढंच होतं. पण मांडीएवढ्या पाण्यात कन्हान माणसाला उभं राहू देत नाही. प्रयागबाईची खाट चौघांनी काठावर आणून ठेवली. समोर भट्टीचं धुराडं दिसत होतं, डांबरी रस्ता दिसत होता, रस्त्यावरून नागपूरची एसटी गेली तीही दिसली. संध्याकाळी खाट परत गावात नेली.

त्याच हिवाळ्यात विहाराजवळ बैठक बसली. आपल्या काठावर बाळंतिणीसाठी एक दवाखाना पाहिजे, असं सगळेच म्हणाले. वर्गणीचं नाव निघालं आणि सगळे जमिनीकडे पाहायला लागले. तेव्हा देवाजी बोलला. बैठकीत तो पहिल्यांदाच बोलला असेल.

"पैसा नाही ना गा मायापाशी. पण रोज पूल ओलांडतो. येताना मजुरीतून एक वीट आणतो."

"एका विटेनं दवाखाना होते का बाप्पा?" कुणीतरी हसलं.

"तू बी आण. मंग दोन होतीन."

म्हातारी कांताबाई, गावाची सुईण, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी बी आणतो. माया हातून प्रयाग गेली. मले तं दोन आणा लागते."

असं ते सुरू झालं. संक्रांतीनंतरचा रविवार धरला. सगळ्यांनी भट्टीच्या काठावर जमायचं, एकेक वीट विकत घ्यायची आणि पूल चालून जामघाटात आणून टाकायची. नेम एकच: पुलावर वीट खाली ठेवायची नाही. ठेवली, तर मागं जाऊन पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वर्षी सगळी आमच्याच वस्तीतली माणसं होती आणि एक धोंडबा ठाकरे. धोंडबा कुणबी, नदीकाठी त्याचं शेत. शेताच्या उंच कोपऱ्यातली जागा, जिथे पुराचं पाणी कधी चढत नाही, ती त्यानं दवाखान्याला दिली. धोंडबाच्या घरी देवाजी ओसरीच्या पायरीवर बसत असे, वर नाही. पुलावर मात्र दोघं शेजारीशेजारी चालले, दोघांच्याही डोक्यावर वीट. एवढं तरी त्या पुलानं केलं.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावांतली माणसं आली. मग खापरखेड्याच्या कामगार वसाहतीतली पोरं आली. त्यांना चालणं कमीपणाचं वाटलं. ती वीट खांद्यावर घेऊन पळायला लागली. तिथून दौड सुरू झाली. पुढे पळणारे, मागून म्हातारे, बाया, लेकुरवाळ्या. जामघाटच्या काठावर कांताबाईच्या चुलीवर तर्री-पोहे. पोट्टे ओरडायचे, "आजी, तर्री तिखट झाली!" आणि ती म्हणायची, "पळाले कोणी सांगतलं होतं? चालला असता तं थंड झाली असती." जयानं एका वर्षी पोरींच्या दौडीत पहिला नंबर मारला. देवाजी ते महिनाभर कुणालाही सांगत होता. न विचारता.

ढीग वाढत गेला. धोंडबाच्या कोपऱ्यात विटांची भिंत उभी आहे असंच लांबून वाटायचं. पावसाळ्यात देवाजी त्यावर पळसाची पानं आणि जुनं गोणपाट टाकायचा. आम्ही हसायचो, भाजलेल्या विटेला काय होते म्हणून. तो म्हणायचा, शेवाळ धरते.

मग मधुकरराव तुम्हाला घेऊन आले.

मधुकरराव आमच्याच गावचे. देवाजीचे बालमित्र, एका पाटीवर दोघं अक्षरं शिकले. मधुकररावांची अक्षरं पुढे गेली, ते खापरखेड्याला कारकून झाले, पँट घालायला लागले. आम्हाला त्याचा अभिमानच होता. त्यांनी सांगितलं, असं विटा वाहून कधी व्हायचं नाही, मोठा माणूस पाठीशी पाहिजे. तुम्ही आलात. समिती झाली, तुम्ही अध्यक्ष. कापडी फलक आला, माइक आला, छातीवर लावायचे बिल्ले आले. तुम्ही स्वतः एक वीट उचललीत. पुलाच्या तोंडापर्यंत नेलीत, फोटो झाला आणि मग मधुकररावांनी ती तुमच्या हातातून घेतली. आम्हाला तेवढ्यानंही भरून आलं. देवाजी त्या रात्री घरी येऊन म्हणाला, "साहेबानं वीट उचलली गा. आता होते."

गेल्या वर्षी जयाचं लग्न झालं. नवरा श्रीधर कळमेश्वरला कारखान्यात. यंदाच्या संक्रांतीला ती माहेरी आली ती बातमी घेऊनच. श्रावणात दिवस भरणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. देवाजी त्या दिवशी भट्टीवर गेला नाही. धोंडबाच्या कोपऱ्यात जाऊन ढिगाजवळ बसला. समितीनं सांगितलं होतं, यंदाची दौड झाली की दुसऱ्या दिवशी बांधकाम. तो बोटांवर महिने मोजत होता आणि हसत होता.

दौडीच्या आधी चार दिवस मधुकरराव संध्याकाळी त्याच्या घरी आले. मी तिथंच होतो. जयानं चहा टाकला.

"देवाजी, यंदा दौड इकडून निघन. जामघाटातून."

"उलटी?"

"मुंबईवरून पाहुणे येऊन राहिले ना. त्याईचा बंदोबस्त असते. गाड्या पुलावरून आणता येत नाही."

"काहून? ट्रक जाते, गाडी नाही जात?"

"ते पोलिसवाल्याईले विचार बाप्पा. मैदान तिकडे आहे, शामियाना तिकडे आहे. दौड तिकडे संपन."

"अन् विटा?"

मधुकररावांनी चहाची बशी खाली ठेवली. "ढिगातली एकेक घ्याची प्रत्येकानं. पाहुण्याईच्या हातून मान होईन त्या विटाईचा. मंग ट्रकनं वापस."

"वापस येतीन?"

"मी सांगून राहिलो ना तुले."

"तू सांगून राहिला तं झालं," देवाजी म्हणाला.

कांताबाईला मात्र ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती देवाजीच्या दारात येऊन उभी राहिली. "काहून गा, घरातली भांडी मानासाठी दुसऱ्याच्या घरी नेते का कोणी?"

"मधुकर आपला माणूस आहे मावशी."

"आपला आहे म्हणून तं विचारून राहिलो. परक्याले मी विचारत नाही, नाहीच म्हणतो."

देवाजीनं तिची समजूत काढली. घरोघर जाऊन सगळ्यांची काढली. त्याच्या शब्दावर गाव उठलं, हे लक्षात ठेवा साहेब. तुमच्या फलकावर नाही.

रविवारी सकाळी धुकं होतं. शेजारच्या गावांची माणसं आधीच पूल ओलांडून जामघाटात जमली होती. ढिगाभोवती जत्रा. पोरं विटा निवडत होती, कुणाला लाल पाहिजे, कुणाला हलकी. जयानं वीट उचलायला हात घातला तर चार बाया तिच्या अंगावर धावल्या.

"ठेव वं! तिसरा चालू आहे अन् वीट उचलते?"

"तुयी वीट तुया पोटात आहे, तेच ने," कांताबाई म्हणाली आणि बाया हसून हसून बेजार.

जया रिकाम्या हातानं बापाच्या शेजारून चालली. पुलावर देवाजी तिला म्हणाला, "पाह्य, तुयं बाळंतपण मी खाटेवर नाही, पलंगावर करतो. लोखंडी पलंग." आणि स्वतःच लाजला.

कुणी वीट खाली ठेवली नाही. नेम पाळला आम्ही. आमच्याच विटा आम्ही आमच्याच खांद्यावर, गाणी म्हणत, नदीपार नेल्या. कुणी बंदूक लावली नव्हती. चोर घरात शिरतो तेव्हा निदान घरमालक त्याला सामान उचलू लागत नाही.

मैदानाच्या कडेला, डांबरी रस्त्याला लागून, शामियान्याच्या मागे खोदकाम झालेलं होतं. गवंडी दोरी लावून उभा. सिमेंटची पोती. पोहोचणाऱ्याच्या हातातली वीट कामगार घेत, पाण्यात बुचकळत आणि पायाच्या खड्ड्यात ठेवत. पाहुण्यांनी पहिली वीट चकचकीत थापीनं बसवली. टाळ्या झाल्या. देवाजीनंही वाजवल्या. त्याला वाटलं, मानाचा प्रकार असेल.

मग तो खोदकामाच्या कडेनं चालत गेला. चालत गेला तरी संपेना. तिकडे एक खोली, इकडे एक खोली, मध्ये ओसरी, मागे मोरीची नाली. मानासाठी कुणी मोरीची नाली खणत नाही. माइकवर तुम्ही बोलत होतात, जामघाटच्या जनतेनं ही अमूल्य भेट दिली आहे.

कांताबाई कमरेवर हात देऊन पायाच्या खड्ड्यात वाकून पाहत होती. "देवाजी," ती म्हणाली, "हे इथंच बांधून राहिले गा."

मधुकरराव शामियान्याच्या मागे पोहे खात होते. देवाजी जाऊन समोर उभा राहिला.

"मधुकर, हे काय होय?"

"अरे, खा ना आधी. ये."

"हे काय होय?"

"दवाखाना होय. हाच तं पायजे होता ना तुले?"

"इकडे काहून?"

"तिकडे कसा होईन? बिजली नाही तिकडे. रस्ता नाही. कोणता डॉक्टर राहाले येईन जामघाटात? इथं रस्त्यावरून दिसते तरी. पूल आहेच ना, चालत आलं की झालं."

"श्रावणात कुठं असते पूल?"

"साहेबाईनं पाहिला पूल. चांगला पक्का आहे म्हणाले."

"जानेवारीत पाहिला त्याईनं! तू तं जामघाटचा आहे ना बे? तुले तं श्रावण ठाऊक आहे ना?"

दोन कामगार वळून पाहायला लागले. देवाजीचा आवाज चढलेला आम्ही कुणी ऐकला नव्हता. तो लगेच खालीही आला.

"तुले कधीपासून ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून."

"मंग मले काहून म्हटलं, वापस येतीन?"

"खरं सांगतलं असतं तं तुम्ही उचलल्या असत्या का?" मधुकरराव म्हणाले. चिडून नव्हे. हिशेब चुकलेल्या पोराला समजवावं तसं.

देवाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातल्या ताटलीकडे. "तर्री सांडून राहिली, पँटीवर," असं म्हणून तो वळला.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या ढिगासाठी समितीचे ट्रक आले. गावात दोन तट पडले. काही म्हणाले, काहीच नाही त्यापेक्षा तिकडे तरी होऊ द्या. काही म्हणाले, साहेबाशी वाकडं नको, उद्या रस्ता मागायचा आहे. देवाजीला मात्र सगळे एकच गोष्ट विचारत होते: तूच तं म्हणत होता ना, आपला माणूस आहे? तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. ट्रक भरताना एकटा धोंडबा आडवा गेला. ड्रायव्हरनं त्याला समितीचा कागद दाखवला. धोंडबाला वाचता येत नव्हतं. तो बाजूला झाला.

त्या संध्याकाळी धोंडबा देवाजीकडे आला आणि पहिल्यांदाच त्याच्या अंगणात, त्याच्या खाटेवर बसला. "जागा मी नांगरणार नाही गा," तो म्हणाला. "रिकामी ठेवतो."

दुसऱ्या सकाळी देवाजी कावड घेऊन निघाला. चोरून नाही. दिवसाउजेडी. बांधकामावर रचून ठेवलेल्या विटांतून कावडीत मावतील तेवढ्या घेतल्या, पूल ओलांडून धोंडबाच्या कोपऱ्यात टाकल्या आणि मग भट्टीवर कामाला गेला. रोज असंच. बांधकामावरचा चौकीदार तोंड फिरवून विडी ओढत बसायचा. तो म्हणायचा, "मायी ड्यूटी रात्रीची आहे, सकाळचं मले दिसत नाही."

कांताबाईनं देवाजीला रस्त्यात गाठलं. "असा किती वर्षं वाहणार तू? पोरीचे दिवस भरून येतीन."

"मले ठाऊक आहे मावशी."

"मंग?"

"मंग काय. मीच उचला म्हटलं ना लोकाईले."

पाचव्या-सहाव्या सकाळी तुमचे शिपाई पुलावर होते.

ठाण्यात त्याला दिवसभर बाकाजवळ खाली बसवलं. मी आणि धोंडबा बाहेर झाडाखाली. संध्याकाळी जमादारानं कागद पुढे केला.

"लाव अंगठा. चोरी केली, पुन्हा करणार नाही."

"सही येते मले," देवाजी म्हणाला. "पण चोरी नका लिहू. वापस नेत होतो असं लिहा."

"वापस नेण्याचं कलम नसते बे."

"मंग ठेवा आतच."

जमादार माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. त्यानं कागद बाजूला सारला आणि सांगितलं की अध्यक्षसाहेबांनी मोठ्या मनानं प्रकरण पुढे न्यायचं नाही असं कळवलं आहे. मात्र हा माणूस बांधकामाच्या आसपास दिसता कामा नये. मोठ्या मनानं. साहेब, हे शब्द तुमचेच ना? भट्टीच्या मालकानं दुसऱ्या दिवशी देवाजीला काढून टाकलं. बांधकामाच्या विटा आता त्याच्याच भट्टीतून जात होत्या. त्याला चोर ठेवणं परवडणारं नव्हतं.

देवाजी धोंडबाच्या शेतात मजुरीला लागला. कळमेश्वरला त्यानं निरोप पाठवला, जयाला आणू नका. निरोप पोहोचला, पण सासरच्यांना वाटलं, बापाला खर्चाची भीती वाटते. आषाढ लागताच श्रीधर तिला घेऊन एसटीनं खापरखेड्याला उतरला. देवाजीला सकाळीच कुणीतरी सांगितलं होतं. तो आधीच स्टँडवर येऊन उभा होता. पूल त्या दिवशी उघडा होता, पण पाणी खालून लागलं होतं.

जयाचं पोट पुढे आलेलं. हातात पत्र्याची पेटी. तिनं वाकायचा प्रयत्न केला, त्यानं तिला धरलं.

"वाकू नको. बस, बस इथं. कळमेश्वरची गाडी लागली का ते पाहून येतो."

"कळमेश्वरची? तिकडूनच तं आलो बाबा."

"तीच वापस जाईन."

श्रीधर पेटी घेऊन बाजूला उभा राहिला. जयाला आधी ते थट्टेसारखं वाटलं. मग तिनं बापाचं तोंड पाहिलं.

"घरी नाही नेत मले?"

"नाही."

"मायी सासू काय म्हणन, माहीत आहे? बापाच्या घरी भाकर नव्हती का, असं म्हणन."

"सांग तिले, भाकर आहे. पूल नाही."

"आता तं आहे ना! उघडा आहे, आम्ही गाडीतून पाहिला."

"आज आहे," देवाजी म्हणाला. "तुया मायले मी दिवसभर काठावर पाहिलं जया. तिनं मले एकदाच विचारलं, किती वेळ आहे अजून. मी म्हटलं, आता उतरते. खोटं बोललो. तुयाशी मले नाही बोलता येत."

जया रडली नाही. चिडली. "आईचं मायावर काहून काढता? सगळ्या पोरी येतात. शामला नाही बाळंत होणार जामघाटात? तिच्या सासऱ्यानं तं तिले नाही हाकललं."

शामला म्हणजे धोंडबाची सून. तिलाही तेवढेच दिवस होते; तिचं माहेर उमरेडच्या पलीकडे, आईबाप नाहीत. तिला पाठवायला कुठे नव्हतं. देवाजीनं खिशातून कागदात बांधलेला गूळ काढून जयाच्या पदरात टाकला. तिनं तो श्रीधरकडे दिला. गाडी लागली. ती खिडकीशी बसली आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटकडे पाहत राहिली. बापानं पहिलटकरणीला स्टँडवरून परत लावलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गावांत पोहोचली. देवाजीला त्यावरून काय काय ऐकावं लागलं, ते लिहीत नाही.

श्रावण आला. वरती पाऊस झाला. पंधरा ऑगस्टला तुम्ही दवाखान्याचं उद्घाटन ठेवलं होतं. जामघाटच्या लोकांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवल्या होत्या म्हणे. आम्ही येऊ शकलो नाही, माफ करा. आदल्या रात्रीपासून पाणी पुलावर होतं.

पण आम्ही होतो, साहेब. या काठावर सगळं गाव उभं होतं. तुमचा रंगीत शामियाना दिसत होता. नवी पांढरी भिंत दिसत होती. कर्णे नदीकडे तोंड करून बांधले होते की काय कोण जाणे, तुमचा शब्दन् शब्द पाण्यावरून येत होता. तुम्ही म्हणालात, आजपासून जामघाटच्या माताभगिनींना कसलीही चिंता उरलेली नाही.

"कोणाले सांगून राहिला हा?" कांताबाईनं विचारलं.

टाळ्या ऐकू आल्या. पुलाच्या जागी गढूळ पाणी वळसे घेत होतं. देवाजी सगळ्यांच्या मागे उभा होता. जयाचेही दिवस भरले होते. कळमेश्वरहून काही कळायचा मार्ग नव्हता. तो भाषण ऐकत नव्हता, पाण्याकडे पाहत होता.

शामला गर्दीतून त्याच्याकडे आली. एक हात कमरेवर, एक पोटाखाली. तिनं पदर सावरून हळूच विचारलं, "काका, आज सकाळपासून कसं तरी होऊन राहिलं. पाणी कधी उतरन?"

देवाजी तिथून धोंडबाच्या घराकडे चालायला लागला, कांताबाईसाठी पाणी तापत ठेवायला.

हा आज सकाळचा प्रसंग आहे. भाषणं संपली आहेत, तुमचे कर्णे बंद झाले आहेत, शामियाना उतरतो आहे. तुमच्या दवाखान्यात दिवा लागलेला इथून दिसतो. पाणी अजून पुलावर आहे. धोंडबाच्या घरातून शामलाचा आवाज येतो आहे. कांताबाई दोनदा बाहेर येऊन नदीकडे पाहून गेली.

सांगा साहेब. चोर कोण, ते मागाहून ठरवू. आधी हे सांगा, हिला कोणत्या वाटेनं आणू?